घोड्याचं पोट दुखतंय: आतडं हातचं जाण्याआधीचे तास

माझी पहिली घोडी पोटशुळानं गेली. संध्याकाळी ७ च्या सुमारास ती वळून वळून कुशीकडं बघायला लागली, पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली. ८ वाजता लोळली. ओळखीच्या एकानं येऊन इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात घोडी शांत उभी राहिली. "थंडावली की आता, सकाळी बघू," तो म्हणाला. आम्हालाही तेच ऐकायचं होतं. पहाटे ४ ला उठून बघतो तर ती घामानं निथळत होती, हिरड्या जांभळ्या, कान थंडगार. उजाडायच्या आत गेली. पोट उघडून बघितलं तेव्हा लहान आतड्याचा दोन-तीन हात लांबीचा भाग पिळवटून काळाकुट्ट झालेला होता.

त्या रात्री आम्हाला एक गोष्ट कळली नव्हती. दुखणं थांबलं म्हणजे आतडं सुधारलं, असं नसतं. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत वरातीचे, रंकाळ्यावर फिरवायचे, शर्यतीचे आणि नुसते हौसेचे घोडे पुष्कळ आहेत. त्या सगळ्या घोडेवाल्यांसाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. पण त्यानंतरची कितीतरी वर्षं डॉक्टरांच्या शेजारी उभा राहून, विचारून, वाचून जे शिकलो ते इथं क्रमानं मांडतोय.

आधी पोट समजून घ्या

घोड्याचं पोट गाय-म्हशीसारखं नसतं. जठर लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं. त्याच्या तोंडाशी स्नायूंची इतकी घट्ट कडी असते की घोड्याला उलटी होत नाही. आत साठलेलं पाणी आणि वायू वर येऊ शकत नाहीत, जठर फुगत जातं आणि शेवटी फुटतंसुद्धा. पुढं २० मीटरहून लांब लहान आतडं. मग ३० लिटरच्या आसपास मावेल अशी अंधांत्राची पिशवी, आणि त्यानंतर ३-४ मीटरचं जाडजूड मोठं आतडं, घडी घालून ठेवल्यासारखं. हे मोठं आतडं पोटाच्या भिंतीला फारसं बांधलेलं नसतं, त्यामुळं ते सरकू शकतं, स्वतःभोवती पिळलं जाऊ शकतं. त्याच्या एका वळणावर, डाव्या बाजूला ओटीपोटाजवळ, वाट एकदम अरुंद होते. कोरडी वैरण आणि कमी पाणी एकत्र आलं की लीद बहुतेक वेळा तिथंच अडकते.

भिंतीच्या आत काय घडतं

हा भाग वगळू नका. पुढची प्रत्येक पायरी यावर उभी आहे.

आतड्याला पीळ बसला किंवा ते कुठं आवळलं गेलं की आधी शिरा दबतात, कारण त्यांची भिंत पातळ असते. धमन्या जाड, त्या काही काळ चालू राहतात. म्हणजे रक्त आत येत राहतं, पण बाहेर जायला वाट नाही. भिंत सुजते, रक्तानं भरते, काळी-निळी पडते. मग धमन्याही बंद होतात.

आतड्याच्या आतल्या अंगाला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात. प्रत्येक उंचवट्यात वर जाणारी धमनी आणि खाली येणारी शीर अगदी शेजारी-शेजारी असतात. त्यामुळं बराचसा प्राणवायू वाटेतच एकीकडून दुसरीकडं झिरपतो आणि टोकाला एरवीही कमीच पोचतो. रक्त तुटलं की म्हणूनच टोकाच्या पेशी सर्वांत आधी मरतात आणि भिजलेल्या कागदासारख्या सुटून येतात. या पेशींचा थर म्हणजे कुंपण असतं. आतड्याच्या आत अब्जावधी जिवाणू सुखानं नांदत असतात ते या कुंपणाच्या भरवशावर. कुंपण तुटलं की त्या जिवाणूंच्या कवचातलं विष, ज्याला डॉक्टर एंडोटॉक्सिन म्हणतात, रक्तात शिरतं. हिरड्यांचा रंग बिघडणं, नाडी धावणं, कान-पाय थंड पडणं ही त्याचीच लक्षणं.

शरीर यावर पांढऱ्या पेशींची फौज पाठवतं. या पेशी जिवाणू मारतात, पण तो मारा आजूबाजूच्या चांगल्या भागालाही भाजतो. दाह म्हणतात तो हा. पीळ सुटून रक्त परत सुरू झालं तरी हा दाह काही काळ वाढू शकतो. तो स्नायूच्या थरात गेला की आतडं हलायचंच थांबतं. ऑपरेशन व्यवस्थित होऊनही पुढं दोन-तीन दिवस आतडं "झोपतं", त्यामागं बऱ्याचदा हेच असतं.

आता चांगली बाजू. आतड्याचं अस्तर अतिशय लवकर सांधतं. उंचवटे आखडून जखम लहान करतात, शेजारच्या जिवंत पेशी चपट्या होऊन सरकत सरकत उघडी जागा झाकतात, मग त्यांच्यामधल्या फटी बुजतात. याला काही तासांतच सुरुवात होते. अट एकच, उंचवट्यांच्या मुळाशी नव्या पेशी तयार करणारे खळगे जिवंत असले पाहिजेत. मोठ्या आतड्याला पूर्ण पीळ बसला तर ३ ते ४ तासांत ही मुळंही मरायला लागतात. उलट नुसती लीद अडकली असेल तर दिवसभर, कधी त्याहून जास्त वेळ हातात असतो. बाहेरून बघून यातलं काय आहे हे तुम्हाला-मला सांगता येत नाही. म्हणून मोजायचं.

पहिली १० मिनिटं: मोजा आणि लिहा

पुढची वैरण काढून घ्या, चंदीचा (दाण्याच्या खुराकाचा) तोबरा काढा. पाणी ठेवायला हरकत नाही. घड्याळ बघा आणि दुखणं कधी दिसलं ती वेळ कागदावर लिहा. "मघापासून" असं डॉक्टरला सांगून चालत नाही.

नाडी सर्वांत महत्त्वाची. खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटं फिरवली की दोरीसारखी धमनी लागते. १५ सेकंद ठोके मोजा, ४ नं गुणा. स्टेथोस्कोप असेल तर डाव्या कोपराच्या मागं लावा. विश्रांतीला मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. ६० च्या वर गेले तर प्रकरण साधं नाही असं धरून चाला. ८० च्या वर म्हणजे जीव धोक्यात. दुखण्यानं, भीतीनंही नाडी वाढते, म्हणून १५ मिनिटांनी परत मोजा. घोडा शांत दिसतोय आणि नाडी मात्र वाढतेय, हे मला सगळ्यात भीतीदायक वाटतं. माझ्या घोडीच्या बाबतीत रात्री ९ ला कुणी नाडी मोजली असती तर हेच दिसलं असतं, असं मला आजही वाटतं.

मग ओठ वर करून हिरडी बघा. निरोगी हिरडी फिकट गुलाबी आणि ओलसर. अंगठ्यानं दाबून सोडा, २ सेकंदांच्या आत रंग परतला पाहिजे. हिरडी कोरडी, विटकरी लाल किंवा जांभळट असेल, दातांच्या मुळाशी गडद रेघ दिसत असेल, तर विष रक्तात उतरायला लागलंय.

कुशीला कान लावा. डावी-उजवी, वर-खाली अशा चार जागी, प्रत्येक जागी पूर्ण एक मिनिट. गुडगुड, ओहोटीसारखा आवाज यायला हवा. सगळीकडं शांतता हे वाईट. नुसता टणटण वायूचा आवाज असेल तर तोही सांगा.

ताप गुदद्वारातून बघा, ३७.२ ते ३८.३ सेल्सिअस म्हणजे ठीक. ताप चढलेला असेल, विशेषतः सोबत पातळ लीद असेल, तर तो बहुधा पिळाचा मामला नसून आतड्याच्या अस्तराला आलेली सूज असते. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय. शेवटी लीद: किती वेळापूर्वी पडली, किती, गोळे कोरडे की चिकट आवरण असलेले. चांगला घोडा दिवसातून ८ ते १२ वेळा लीद टाकतो.

फोन

डॉक्टरना हे आकडे सांगा, वेळेसकट. घोड्याचं वय, घोडी गाभण आहे का, काल-परवा वैरण बदलली का, कुणी काही पाजलंय किंवा टोचलंय का, तेही सांगा. आधी कुणी ब्यूस्कोपॅन (आतड्याची मुरड सोडवणारं औषध) दिलं असेल तर ते सांगाच, कारण त्या औषधानं काही वेळ नाडी आपोआप वाढते आणि आकडा फसवतो. ओळखीचे डॉक्टर लागत नसतील तर सरकारी फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

वजनही हाताशी ठेवा, औषध वजनावर ठरतं. खांद्यामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर वजन सुमारे ३०० किलो. हे आजच, घोडा बरा असताना मोजून ठेवलेलं चांगलं.

डॉक्टर येईपर्यंत

हळू चालवा, १० ते १५ मिनिटं, मग थांबवा. तासन् तास चालवून घोडा दमतो आणि पुढच्या लढाईसाठी त्याच्यात ताकद उरत नाही. निपचित पडून असेल तर पडू द्या. जोरानं लोळत, आदळत असेल तर मोकळ्या मऊ जागी न्या आणि स्वतः त्याच्या पायांपासून लांब राहा. उठवण्यासाठी चाबूक वापरू नका.

तोंडातून काहीही ओतू नका. आपल्याकडं हिंग-ओव्याचा काढा, गोडेतेल, ताक नळीनं पाजायची जुनी सवय आहे आणि ती प्रेमापोटीच असते, हे मला माहीत आहे. पण घोड्याचं डोकं वर करून ओतलेलं तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते, ती जीव घेते. शिवाय जठर आधीच पाण्यानं तुडुंब असेल तर वरून ओतलेला प्रत्येक लिटर त्याला फुटण्याच्या जवळ नेतो.

इंजेक्शनही स्वतः देऊ नका. फ्लुनिक्सिन हे घोड्याच्या पोटदुखीचं खरोखर चांगलं औषध आहे. दुखणं कमी करतं, एंडोटॉक्सिनचा त्रासही काहीसा रोखतं. पण त्याला तीन बाजू आहेत. एक, ते दुखणं झाकतं आणि खाली आतडं मरत राहू शकतं. दोन, ते स्नायूत टोचलं तर मांसात जिवाणूंची भयानक लागण होऊ शकते, म्हणून ते शिरेतूनच द्यायचं असतं. तीन, रक्त तुटून जखमी झालेल्या लहान आतड्यावर घोड्यांमध्ये प्रयोग झाले, त्यांत फ्लुनिक्सिन दिल्यावर अस्तर सांधायला उशीर लागल्याचं दिसलं. अस्तर सांधायला जी द्रव्यं लागतात, त्यांचीच निर्मिती ते औषध थांबवतं. याचा अर्थ ते देऊ नये असा अजिबात नाही, दुखण्यानं तडफडणारा घोडा तसाच ठेवणं क्रूर आहे. अर्थ एवढाच की मात्रा आणि वेळ डॉक्टरनी ठरवावी, आणि दिल्यानंतर घोडा कुणीतरी जागून बघावा. घरातलं माणसांचं डायक्लोफेनॅक तर नकोच. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे.

डॉक्टर काय करतात, तुम्ही काय विचारायचं

नाकातून जठरात नळी घालणं ही पहिली मोठी तपासणी आणि उपचारही. आपोआप २ लिटरहून जास्त पाणी परत आलं तर लहान आतड्यात अडथळा किंवा दाह असल्याची शंका बळावते. अशा वेळी जठर रिकामं करणं हेच जीव वाचवणं असतं. उलट काहीच परत आलं नाही आणि मोठ्या आतड्यात लीद अडकलेली लागली तर त्याच नळीतून पाणी, मीठ, लिक्विड पॅराफिन देता येतं. मग गुदद्वारातून हात घालून तपासणी: फुगलेले वेटोळे हाताला लागतात का, मोठं आतडं जागेवर आहे का. सोनोग्राफी यंत्र असेल तर आणखी उलगडा होतो.

एक तपासणी मी आवर्जून विचारायला सांगेन: पोटातलं पाणी सुईनं काढून बघणं. ते पाणी फिकट पिवळं आणि स्वच्छ हवं. लालसर किंवा गढूळ आलं तर आतड्याची भिंत झिरपायला लागलीय. त्यातल्या लॅक्टेटचं (प्राणवायू कमी पडला की पेशींतून वाढणाऱ्या द्रव्याचं) प्रमाण सर्वसाधारणपणे लिटरमागं २ मिलिमोलच्या आत असतं. ते रक्तातल्यापेक्षा बरंच जास्त निघालं तर कुठलातरी भाग रक्ताविना आहे असा संशय घ्यावा लागतो.

मग सरळ विचारा: "साहेब, हे औषधानं सुटेल असं वाटतंय की पोट उघडावं लागेल? किती वाजेपर्यंत वाट बघायची?" वेळ घेऊन ठेवा. औषध दिल्यावर तासा-दोन तासांत दुखणं परत आलं, नाडी चढत राहिली, नळीतून पाणी येत राहिलं किंवा पोटातलं पाणी लाल निघालं, तर थांबण्यात अर्थ नाही.

इथं कोल्हापूरकरांची खरी अडचण सुरू होते. घोड्याचं पोट उघडायला मोठं टेबल, भूल देणारी माणसं, क्रेन, सलाईनच्या डझनावारी बाटल्या लागतात. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय हायवेनं पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल पावणेचारशेच्या घरात. त्या घडीला कुठं टेबल मोकळं आहे, सर्जन आहे, हे फोन करूनच कळतं. म्हणून हे फोन आधीच, घोडा ठणठणीत असताना करून ठेवा. गाडी कुणाची, रात्री येईल का, तिच्या फळीवर घसरू नये म्हणून काय टाकायचं, हेही. आणि घरच्यांशी एकदा बसून बोलून घ्या की खर्च किती झेपेल. मध्यरात्री तबेल्यात उभं राहून तो निर्णय नीट घेता येत नाही. झेपत नसेल आणि आतडं मेलंय हे स्पष्ट असेल, तर डॉक्टरकडून शांत मरण देणं ही त्या जनावराची शेवटची सेवा आहे. त्यात अपराध नाही.

पीळ नाही, पण आतडं सुजलंय

ताप, मलूलपणा, पाण्यासारखी लीद, कधी त्याआधी नुसतंच पोट दुखणं. हा मोठ्या आतड्याचा दाह. साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम असे जिवाणू, अँटिबायोटिकनं आतली घडी विस्कटणं, फिनाइलब्युटाझोन ("ब्यूट") हे दुखण्यावरचं औषध दिवसेंदिवस देत राहणं, ही ओळखीची कारणं. लंगड्या घोड्याला "ब्यूट"ची पुडी रोज चारणारे आपल्याकडं आहेत. ती पुडी आतड्याच्या एका विशिष्ट भागाला अल्सर करते. अशा घोड्याचं पाणी झपाट्यानं जातं, शिरेतून सलाईन लागतंच. त्याला वेगळा बांधा, बादली-खरारा वेगळा ठेवा, हात साबणानं धुवा. साल्मोनेला माणसालाही होतो, घरात लहान मुलं असतात.

जंतांचं तर वेगळं प्रकरण. मोठ्या स्ट्राँगाइल जंतांच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत राहतात, तिथं गुठळ्या होतात आणि पीळ नसतानाही आतड्याचा तुकडा मरतो. लहान स्ट्राँगाइलच्या अळ्या आतड्याच्या भिंतीत दडून बसतात आणि एकदम बाहेर पडल्या की भिंत सुजते. फीतकृमी लहान आतडं जिथं अंधांत्राला मिळतं तिथं चिकटतात. औषध दर दोन महिन्यांनी डोळे मिटून देऊ नका, जंत औषधाला दाद देईनासे होतात. लीद तपासून घ्या, अंडी किती ते बघून डॉक्टरना औषध ठरवू द्या. पोट मोठं आणि केस राठ असलेल्या शिंगराला तर विचारल्याशिवाय जंताचं औषध देऊच नका. मेलेल्या गोल जंतांचा गठ्ठा आतडं बंद करतो.

बरा होताना

डॉक्टर हो म्हणेपर्यंत चंदी बंद. सुरुवात मूठभर ओल्या, मऊ गवतानं, दर २-३ तासांनी. लीद नीट पडायला लागली की हळूहळू वाढवा. अस्तर नवं असतं, त्याच्यावर कोरडा कडबा आणि हरभरा एकदम लादू नका. पहिले तीन दिवस टापांवर लक्ष ठेवा. रक्तात गेलेलं विष टापेच्या आतल्या पडद्यांना सुजवतं आणि घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. टाप गरम लागते का, खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी जोरात उडते का, घोडा वजन मागच्या पायांवर टाकतो का, हे सकाळ-संध्याकाळ बघा. धोका जास्त वाटला तर डॉक्टर आधीपासूनच पाय बर्फात ठेवायला सांगतात. बर्फ गोळा करायला लाजू नका, मासळीवाल्यांकडं मिळतो.

आपल्या भागातली कारणं

शाहू महाराजांच्या घोडेप्रेमाच्या गोष्टी कोल्हापुरात अजून कौतुकानं सांगतात. पागेत रोज लीद मोजणारी, चंदी हातानं निवडणारी माणसं मात्र आता फार थोडी उरलीत. त्यामुळं काही चुका वर्षाला त्याच महिन्यात होतात.

गळीत हंगामात उसाचं वाडं फुकट मिळतं आणि घोड्याची वैरण एका दिवसात बदलते. आतड्यातले जिवाणू इतक्या लवकर बदलू शकत नाहीत. कुठलीही नवी वैरण ७ ते १० दिवसांत, जुनीत मिसळत वाढवा. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत आणि ओली मेथीघास यांनाही हाच नियम, नाहीतर वायू धरतो. बुरशी आलेली वैरण पावसाळ्यात हमखास असते. झटकून चारू नका, फेकून द्या.

लग्नसराईत घोडी मे महिन्याच्या उन्हात चार तास उभी राहते, पाण्याचा थेंब नाही, आणि रात्री ११ ला दयेपोटी तिच्यापुढं तोबराभर हरभरा येतो. वरातीला बादली सोबत न्या. ३००-४०० किलोच्या घोड्याला साध्या दिवशीही २० ते ३० लिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून बरंच जास्त. घरी आल्यावर आधी पाणी, मग गवत, चंदी तासाभरानं आणि एका वेळी दीड-दोन किलोच्या आतच. रोज चमचा-दोन चमचे मीठ द्या, ते तहान लावतं. थंडीत घोडे पाणी कमी पितात, तेव्हा कोमट पाणी ठेवा.

नदीकाठी, उघड्या रेताड जमिनीवर वैरण टाकत असाल तर वाळू पोटात साठते आणि अस्तर घासून घासून सुजवते. पाच-सहा लीदगोळे बादलीभर पाण्यात कालवून १५ मिनिटं ठेवा, तळाशी वाळूचा थर दिसतो का बघा. दिसला तर वैरण गव्हाणीत किंवा रबरी चटईवर टाका आणि इसबगोल द्यायचं का ते डॉक्टरना विचारा. रंकाळ्यावरच्या मित्रांना एक विनंती: लोकांना हौसेनं कणसाची बुरखुंडं, भेळेचे कागद घोड्याच्या तोंडात देऊ देऊ नका. ते बुरखुंड घशात तरी अडकतं, नाहीतर पुढं.

वर्षातून एकदा घोड्याच्या दातांच्या टोकदार कडा डॉक्टरकडून घासून घ्या. न चावलेला कडबा त्या अरुंद वळणाशी जाऊन बसतो. म्हातारी घोडी दुपारच्या उन्हात अर्धवट चघळलेले वैरणीचे बोळे तोंडातून टाकताना दिसली तर दातांचाच दोष समजा आणि पोट दुखण्याची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरना बोलवा.